नाही म्हणणारा दवाखाना

चौतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात काढली की माणसाला एखादी खोड लागतेच. सिस्टरबाईंना लागलेली खोड अशी, की समोरच्याचा चेहरा बघण्याआधी त्या त्याचे हात बघत. बसमध्ये शेजारी कोणी दांडा धरून उभा राहिला की त्यांच्या मनात यायचं, ‘वा, काय शीर आहे, डोळे मिटून सुई जाईल.’ भाचीने होणारा नवरा भेटवायला आणला तेव्हा बाकीच्यांनी त्याची नोकरी विचारली, घर विचारलं. सिस्टरबाई तो गेल्यावर म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे. शिरा मात्र पळपुट्या आहेत.”

नोकरीत असताना त्यांचा दराराच तसा होता. एखाद्या सुकलेल्या म्हाताऱ्याला सलाईन लावायचं आणि शीर काही सापडत नाही, दोन डॉक्टर आणि तीन सिस्टर घाम पुसत उभे आहेत, अशा वेळी शेवटी कोणीतरी म्हणायचं, “सिस्टरबाईंना बोलवा.” त्या यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, दोन बोटं त्या हातावरून फिरवायच्या आणि सुई आत. मग कोणाकडेही न बघता परत जायच्या. ते न बघणंही मुद्दाम असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुदतीआधीच निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. घरात त्या आणि त्यांचे यजमान. यजमान पोस्टमन, तेही निवृत्त. माणूस शांत, पण जिभेला धार. “आमच्या घरात दोघांचंही आयुष्य पत्ते शोधण्यात गेलं,” असं ते म्हणत, “मी माणसांचे शोधले, हिने शिरांचे.” यावर सिस्टरबाई हसत नसत, कारण हे वाक्य त्यांनी दोनशे वेळा ऐकलं होतं.

आणि घराबाहेर राहणारी तिसरी होती धाकटी. सिस्टरबाईंची बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचं स्वतःचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे, आणि दुकानाच्याच डोक्यावर राहायची खोली. नवरा कधीच सोडून गेला होता, त्याची आठवणही आता कोणी काढत नसे. एकटीच्या जिवावर तिने ते दुकान बावीस वर्षं चालवलं होतं. बायका तिच्याकडे केसांसाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त यायच्या. पण गेल्या सहा महिन्यांत गप्पा कमी झाल्या होत्या, कारण बोलता बोलता तिला दम लागायचा. वरच्या खोलीकडे जायला चौदा पायऱ्या होत्या, ती सातव्या पायरीवर बसायची. संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या म्हणून तिने एक नंबर मोठ्या घेतल्या.

हे सगळं सिस्टरबाईंना माहीत होतं. त्यांनी त्यावर निकालही देऊन टाकला होता. “दिवसभर उभी असतेस, पाय सुजणारच. वय काय विसाचं आहे का? रात्री पाय उशीवर ठेवून झोप.” झालं. वॉर्डातल्या परक्या पेशंटला त्यांनी एवढ्यावर सोडलं नसतं. पण घरच्या माणसाचं दुखणं हे आपल्याला ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे कोणी नीट बघत नाही.

इस्पितळात जाऊन एकदा दाखवून ये, असंही त्या म्हणून पाहत. तिथे मात्र घोडं अडायचं. धाकटीला इस्पितळाचं वावडं होतं. त्या इमारतीसमोरून जायचं असलं तरी ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायची. का, ते सिस्टरबाईंनी कधी विचारलं नव्हतं. लहानपणापासून भित्रीच आहे, असं त्या धरून चालल्या होत्या.

एका दुपारी धाकटीचा फोन आला. आवाजात बऱ्याच दिवसांनी जीव होता.

“ताई, मी ड्रिप घ्यायचं ठरवलंय.”

“कसली ड्रिप?”

“अगं, ते नवीन दवाखाने निघालेत ना. व्हिटॅमिनची ड्रिप देतात. माझ्याकडे केस रंगवायला एक बाई येते, ती महिन्याला घेते. म्हणते, अंगातला थकवा साबणाने धुतल्यासारखा जातो. आणि तिथे इस्पितळासारखं काही नाही. सोफे आहेत, गाणी लावतात, लिंबूपाणी देतात.”

चौतीस वर्षं सिस्टरबाईंनी सलाईन लावलं ते जुलाबाने वाळलेल्या, भाजलेल्या, रक्त गेलेल्या माणसांना. धडधाकट माणूस सोफ्यावर बसून हौसेने सलाईन लावून घेतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना.

“आपण होऊन सुई टोचून घ्यायची? नि वर लिंबूपाणी?”

“तू नाहीच म्हणणार होतीस,” धाकटी म्हणाली. “मी जाणार आहे. तुला फक्त सांगितलं.”

धाकटीचा हट्ट सिस्टरबाईंना लहानपणापासून ठाऊक होता. तिला ‘करू नकोस’ म्हणणं म्हणजे ‘कर’ म्हणणं. ती गेलीच असती. आणि सुई म्हणजे काय, हे सिस्टरबाईंपेक्षा जास्त कोणाला माहीत? घाणेरड्या हाताने लावलेली एक सुई रक्तात विष कालवू शकते. चुकीची पिशवी माणूस संपवू शकते. बहीण त्यांना एकच होती. त्यांनी तिथेच ठरवलं.

“आठ दिवस थांब,” त्या म्हणाल्या. “मी आधी हे सगळे दवाखाने बघून येते. जो धड असेल तिथे मी स्वतः तुला घेऊन जाईन. शब्द देते. पण आठ दिवस.”

धाकटी तयार झाली. ताईने शब्द दिला म्हणजे दिला, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन टेबलाशी फोन घेऊन बसले. शहरातले असे दवाखाने शोधले तर नकाशावर ठिपकेच ठिपके. एक व्यायामशाळेच्या वर, एक हॉटेलात, एक चक्क घरी येणारा. सिस्टरबाईंनी एक शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर पाच प्रश्न लिहिले. पिशवीत काय घालता आणि किती? ते कोण मिसळतं? सुई कोण लावतं? डॉक्टर कुठे असतो? काही बिनसलं तर काय करता? मग जरा विचार करून सहावा लिहिला: तुम्ही कोणाला नाही म्हणता?

“हा शेवटचा कशाला?” पोस्टमननी विचारलं. “दुकानदार कधी गिऱ्हाइकाला नाही म्हणतो का?”

“औषधवाल्याने म्हणायला हवं. जे औषध सगळ्यांना चालतं ते पाणी असतं, आणि पाणीसुद्धा सगळ्यांना चालत नाही.”

हे बोलताना आपण काय बोलून गेलो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पहिला ठिपका व्यायामशाळेच्या वरचा, तोच केस रंगवणाऱ्या बाईचा. दार काचेचं, आतून थंड वारा, पांढऱ्या गादीदार, सोफ्यासारख्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा खांब. खांबालाही सोनेरी मुलामा. काउंटरवरच्या मुलीने हसून जाडजूड कार्ड पुढे केलं. त्यावर सात पिशव्या होत्या. एकीचं नाव ‘पहाट’, एकीचं ‘तेज’, एकीचं ‘नवी मी’.

“या ‘पहाट’मध्ये काय आहे?” सिस्टरबाईंनी विचारलं.

“व्हिटॅमिनं, खनिजं आणि आमचं खास मिश्रण.”

“खास म्हणजे काय नि किती?”

“ते गुपित असतं मॅडम.”

“शिरेत जाणारं औषध गुपित?”

मुलगी गोंधळली. पण मुलगी वाईट नव्हती. तिने रीतसर नर्सिंगचा कोर्स केला होता, हात स्वच्छ होते, नखं कापलेली होती, हे सिस्टरबाईंनी आधीच टिपलं होतं. सुई तीच लावायची. डॉक्टर फोनवर असायचे, गरज पडली तर. आजवर गरज पडली नव्हती.

“आणि तुम्ही कोणाला नाही म्हणता?”

“कोणालाच नाही मॅडम,” मुलगी अभिमानाने म्हणाली. “आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत असतं.”

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मनात म्हणत सिस्टरबाई जिना उतरल्या. वहीत सहाव्या प्रश्नापुढे त्यांनी फुली मारली, आणि ती इतकी जोरात मारली की मागच्या पानावर उमटली.

दुसरा ठिपका गाठायला दोन बस बदलाव्या लागल्या. पोहोचल्यावर तिथे चष्म्याचं दुकान निघालं. दवाखाना चार महिन्यांपूर्वीच उठून गेला होता, कुठे ते दुकानदाराला माहीत नव्हतं. पोस्टमन हळहळले. “पत्ता न ठेवता गेला,” ते म्हणाले, जणू त्याची पत्रं अजून यांच्याच पिशवीत होती.

तिसरा घरी येणारा. त्याचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक बर्फाची पेटी आणि सतत वाजणारा फोन. तिथला माणूस भलता कामसू. “पत्ता सांगा, अर्ध्या तासात येतो,” म्हणाला. सिस्टरबाईंनी विचारलं, ड्रिप संपेपर्यंत तुम्ही बसता का? तो म्हणाला, “कसं परवडणार? लावतो आणि पुढच्या घरी जातो. संपली की तुम्हीच काढायची. काढायची कशी त्याचा व्हिडिओ पाठवतो ना.”

सिस्टरबाई उठल्याच. बाहेर येऊन त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, पान फाडून टाकलं. पोस्टमन म्हणाले, “निदान त्याने पत्ता तरी विचारला.” यावर त्या बसस्टॉपपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

असे पाच झाले. कुठे डॉक्टर होता तर पिशवीवर तारीख नव्हती, कुठे तारीख होती तर डॉक्टर त्वचेचा आणि तोही गावाला गेलेला. सातव्या दिवशी त्यांचे गुडघे बोलू लागले. पोस्टमन म्हणाले, “सांग तिला, एकही धड नाही म्हणून.” सिस्टरबाई म्हणाल्या, “आठ दिवस म्हटलेत. अजून एक आहे.”

तो शेवटचा ठिपका एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर होता. अरुंद जिना, आणि दारावर साधी पाटी. आत तीन लोखंडी खाटा, धुतलेल्या चादरी, कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर. सिस्टरबाई कोणाला न विचारता थेट सिलिंडरकडे गेल्या आणि काटा बघितला. भरलेला होता. शेजारच्या ट्रेमधली इंजेक्शनं उचलून त्यांनी एकेकाची तारीख वाचली.

“तपासून झालं की सांगा,” मागून आवाज आला. “मग मी तपासते.”

पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या. केस आखूड, आवाज खरखरीत, चेहऱ्यावर स्वागत वगैरे काही नाही. सिस्टरबाईंना त्या बघताक्षणी आवडल्या. सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं त्यांनी उभ्याउभ्या दिली. पिशवीत काय, ते लिहून बाहेर लावलेलं होतं. मिसळायच्या त्या स्वतः. ड्रिप चालू असेपर्यंत जागेवरून हलायच्या नाहीत. आधी रक्त तपासायचं, मग ठरवायचं.

“ज्याच्या पोटात काही टिकत नाही, ज्याच्या रक्तात खरंच काही कमी आहे आणि गोळीने भरून निघत नाही, त्याला याचा उपयोग,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं तोंड शाबूत असताना शिरेतून कशाला भरवायचं? जास्तीचं सगळं लघवीवाटे जातं. दोन दिवस बरं वाटतं, कारण तासभर कोणीतरी त्यांना आडवं होऊ दिलेलं असतं.”

“आणि नाही कोणाला म्हणता?”

“आठवड्याला तीन-चार जण परत पाठवते. मूत्रपिंडवाले, हृदयवाले. त्यांच्या अंगात आधीच पाणी साठलेलं असतं, त्यात मी आणखी लिटरभर ओतू?”

“मग तुमचा दवाखाना चालतो कसा?”

“माझा कुठे चालतो? खालच्याचं दुकान बरं चालतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, “ड्रिप कोणाला हवीय?”

“माझ्या बहिणीला. थकवा आहे.”

“कशाने?”

“दिवसभर उभी असते,” सिस्टरबाईंनी ठामपणे सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “उद्या घेऊन या.”

घरी येताना सिस्टरबाईंचे पाय दुखत नव्हते. अख्खं शहर पालथं घालून त्यांनी नाही म्हणणारा दवाखाना शोधून काढला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी नटूनथटून आली. जिना चढताना तीनदा थांबली. आत आल्यावर तिने खाटा बघितल्या आणि नाक मुरडलं, “सोफे नाहीत वाटतं.” तरी बसली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतलाच नाही. त्या खाली वाकल्या, धाकटीच्या नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, आणि पाच मोजून उचलला.

अंगठ्याएवढा खड्डा पडला होता. तो तसाच राहिला. कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा.

“झोपताना उशा किती घेता?”

“तीन,” धाकटी म्हणाली. “सपाट झोपलं की गुदमरतं.”

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मानेकडे पाहिलं. सिस्टरबाईंनीही पाहिलं. कानाखालून उतरणारी शीर दोरीसारखी फुगून उभी होती. वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाची शीर ओळखणाऱ्या बाईने सख्ख्या बहिणीच्या मानेवरची शीर सहा महिन्यांत पाहिली नव्हती. त्यांना तिथे, त्या खाटेजवळ, आपली चौतीस वर्षं कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा हा वळसा त्यांनी आठ दिवस, वही घेऊन घातला होता.

“ड्रिप देणार नाही,” डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. “हृदय दमलंय. पाणी साचतंय. आजच मोठ्या इस्पितळात हृदयविभागात जा. उद्यावर टाकू नका.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. ती बहिणीकडे वळली.

“हे तू ठरवून केलंस. मला शेवटी तिथेच न्यायचं होतं तुला. म्हणून असला दवाखाना शोधलास.”

“अगं, मला माहीत नव्हतं—”

“तुला माहीत नव्हतं? तुला?”

धाकटी एकटीच जिना उतरून गेली. त्या दिवशी तिने दार उघडलं नाही, फोन उचलला नाही. सिस्टरबाई दुकानाच्या बंद शटरसमोर चिठ्ठी हातात घेऊन दोन तास बसल्या.

सकाळी तिचा एका ओळीचा निरोप आला. ‘अकरा वाजता सोफ्यावाल्यांकडे ड्रिप घेतेय. येऊ नकोस.’

“येऊ नकोस म्हणतेय,” पोस्टमननी वाचलं.

“येऊ नकोस म्हणून वेळ आणि जागा कोणी कळवतं का?” सिस्टरबाई म्हणाल्या. त्या तेव्हा चपला घालत होत्या.

काचेचं दार ढकलून त्या आत शिरल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाणं मंद चाललं होतं. धाकटी पांढऱ्या खुर्चीत मागे रेललेली, डोक्यावर ‘पहाट’ची भरलेली पिशवी टांगलेली. दंडाला पट्टा बांधला होता आणि ती नर्सिंगवाली मुलगी हातावर वाकली होती. कापसाचे दोन लाल बोळे ट्रेमध्ये पडले होते. सुजलेल्या हातात शीर लागत नव्हती. मुलीच्या ओठावर घाम आला होता.

तिने वर पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. “मॅडम, त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत ना, चौतीस वर्षं वॉर्डात होतात? मला सापडत नाहीये. तुम्ही एकदा बघाल?”

धाकटीने डोळे उघडले. भांडायला तिच्यात बळ नव्हतं. तिने हात पुढे केला. “लाव ताई. तुला एका दमात जमतं. लाव आणि मोकळी कर मला.”

सिस्टरबाई स्टुलावर बसल्या. चष्मा कपाळावर गेला. दोन बोटं त्या फुगलेल्या हातावरून फिरू लागली, मनगट, मग अंगठ्याच्या बाजूने वर, आणि तिथे, सुजेच्या खाली खोल, त्यांना ती लागली. सरळ, भरलेली. नवख्याला सात जन्मांत सापडली नसती. बोटांना जुना आनंद झाला, तो लपला नाही.

“सापडली,” त्या म्हणाल्या, आणि दंडावरचा पट्टा सोडून टाकला. “सापडली, आणि मी लावणार नाही. बाळ, तू इकडे ये. हिच्या पायावर अंगठा दाब.”

मुलीने दाबला. खड्डा बघितला. ती सावकाश उभी राहिली आणि तिने खांबावरची पिशवी काढून घेतली.

“हे आम्हाला शिकवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “इथे कोणी पाय बघतच नाही. मी नाही लावणार मॅडम.”

“मग मी दुसरीकडे जाईन,” धाकटी म्हणाली. “घरी येणारा आहे म्हणे एक. पण इस्पितळात मी जाणार नाही ताई. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही. तूच सांगितलंयस. रोज जेवताना सांगायचीस. आज सात नंबरचा गेला, आज बाळंतीण गेली, आज तो हसत बोलत होता आणि गेला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. तू सांगून झोपायचीस. मी जागी असायचे.”

गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं. सिस्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. धाकटी भित्री का, हे त्यांना आज कळलं, आणि कळलं ते असं कळलं की त्यांना तिथे बसवेना.

“मला भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्षांची पोर होते मी. नवी नवी लागले होते. दिवसभर जे बघितलं ते कोणाला तरी सांगितलं की झोप यायची. माझी झोप झाली आणि तुझी गेली, हे मला आज कळतंय.”

त्यांनी धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला.

“आणि मी तुला अर्धंच सांगितलं. जे गेले त्यांचंच सांगितलं. जे बरे झाले त्यांचं काय सांगणार? त्यात गोष्टच नसते. ते उठतात, चपला शोधतात, डब्याची पिशवी घेतात आणि जातात. जाताना आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.”

“असे किती?” धाकटीने विचारलं.

“जवळजवळ सगळे.”

धाकटी ताईकडे बघत राहिली. ताई थाप मारते की काय, हे ओळखायची तिची एक पद्धत होती, ती ताईच्या नाकाकडे बघायची. नाक आत्ता लाल झालं होतं आणि वाहत होतं.

“मला आत्ता भीती वाटतेय,” सिस्टरबाई म्हणाल्या. “आजवर वाटली नाही एवढी. ही पिशवी तुला लागली असती तर ते पाणी तुझ्या फुप्फुसात गेलं असतं, आणि मी ती स्वतःच्या हाताने लावली असती. परवा मी तुला इथे आणलंच असतं, एक प्रश्न वहीत लिहिला नसता तर. मला तुझ्याशी हुज्जत नाही घालायची आता. मला तू हवी आहेस.”

नर्सिंगवाल्या मुलीने धाकटीच्या चपला तिच्या पायांशी आणून ठेवल्या. एक नंबर मोठ्या असूनही त्या आज शिरत नव्हत्या. सिस्टरबाई गुडघ्यावर बसल्या, पट्टा पूर्ण सैल केला आणि त्या चढवल्या. खाली रस्त्यावर पोस्टमन टॅक्सीचं दार धरून उभे होते.

इस्पितळात पहिले दोन दिवस कठीण गेले. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, गेल्या कित्येक वर्षांपासून, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. गोळ्या सुरू झाल्या, पाणी मोजून प्यायचं ठरलं. अंगातलं पाणी उतरू लागलं. चौथ्या दिवशी वजन साडेपाच किलोंनी कमी भरलं आणि धाकटी एका उशीवर सपाट झोपली. पुढे झडपेचं ऑपरेशन करायचं होतं, पण डॉक्टर म्हणाले, हृदयाला जरा दम घेऊ द्या, घाई नाही.

त्या दिवशी भेटीची वेळ संपत आली होती. सिस्टरबाई खाटेच्या पायथ्याशी बसून बहिणीच्या पायांना हात लावून बघत होत्या. घोट्याचं हाड परत दिसू लागलं होतं. वॉर्डातली सिस्टर दोनदा घड्याळ बघून गेली. चौतीस वर्षं ज्यांनी नातेवाइकांना वेळेवर बाहेर काढलं, त्या आज हलायला तयार नव्हत्या.

“ताई, एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी मला ती पिशवी लागली असती तर?”

सिस्टरबाईंना सगळं माहीत होतं. तोंडाला फेस कसा येतो, नखं कशी निळी होतात, किती मिनिटं लागतात. ते सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

“माझ्याशी भांडायला कोणी उरलं नसतं,” त्या म्हणाल्या.

धाकटी छताकडे बघत राहिली. बराच वेळ तिने श्वास आत घेतला, बाहेर सोडला, पुन्हा घेतला.

“मग उद्या जरा लवकर ये,” ती म्हणाली. “बरंच भांडायचं राहिलंय.”